गाडीच्या टपावरून

फेब्रुवारी २०१७ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पाजवळ, लिथिया येथील ब्लूबेरीच्या मळ्यात यूपीएस कंपनीची तपकिरी गाडी उभी राहिली. तिचे छप्पर सरकले आणि टपावरून आठ पंख्यांचा ड्रोन उडाला. त्याच्याखाली लोंबणारा पिंजरा थेट गाडीत उतरत असे. चालकाने त्यात पार्सल ठेवायचे, पडद्यावरचे बटण दाबायचे आणि पुढच्या घराकडे निघायचे, अशी कल्पना. साडेचार किलो वजन, अर्ध्या तासाचे उड्डाण, एवढाच आवाका. पहिली खेप जमली. पत्रकारांना पुन्हा करून दाखवताना मात्र तो टपावर उतरता उतरता कलंडला आणि मिटत्या छपराखाली चिरडता चिरडता वाचला. कंपनीचे गणित तरी मोहक होते: प्रत्येक चालकाचा रोजचा एक मैल वाचला, तर वर्षाला ५ कोटी डॉलर वाचतात.

मैल वाचवण्याचा हा हिशेब ड्रोनहून बराच जुना. सगळी ठिकाणे एकेकदा गाठून परतायचे, तर सर्वांत आखूड वाट कोणती? व्हिएन्नाचे कार्ल मेंगर यांनी १९३०च्या सुमारास हा प्रश्न गणितात आणला. बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना-पाहणी आखताना प्रशांतचंद्र महालनोबिस त्याच प्रश्नापाशी पोहोचले. तेही पाहणी करणाऱ्यांच्या पायपिटीचा खर्च मोजता मोजता. (आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.) १९५४ साली डॅन्टझिग, फुल्करसन आणि जॉन्सन यांनी अमेरिकेतील ४९ शहरांचा फेरा सोडवला.

२०१५ मध्ये मरे आणि चू या संशोधकांनी या फेऱ्याला उडता जोडीदार दिला. ड्रोन एका थांब्यावर गाडी सोडतो, पार्सल टाकतो आणि पुढच्या एखाद्या थांब्यावर गाडीला गाठतो. जो आधी पोहोचेल, त्याने दुसऱ्याची वाट पाहायची. मला सर्वांत बोलकी वाटते ती हीच अट. समीकरणात दोघांचे थांबणे सारखेच, नुसती मिनिटे. पण ड्रोन खोळंबला तर बॅटरी उतरते. चालक खोळंबला तर ती मिनिटे कामाची धरायची की विश्रांतीची? महालनोबिसांच्या हिशेबात चालणाऱ्या माणसाचा वेळ हाच खर्च होता. इथे तो माणूस गाडीतच मिसळून गेला आहे.

कायद्याने मात्र त्याला वेगळे ओळखले. ऑगस्ट २०१६ पासून अमेरिकेत लागू झालेल्या नियमांनुसार, खास सूट नसेल तर ड्रोन उडवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात हवा, आणि चालत्या गाडीतून तो उडवत मोबदल्यासाठी दुसऱ्याचा माल नेता येत नाही. म्हणजे ड्रोन उडत असेतो चालकाने गाडी थांबवून आकाशाकडे पाहत राहायचे.