खुब्याचे फ्रॅक्चर : ज्येष्ठांसाठी शस्त्रक्रियेचे पर्याय

नगर रस्त्यालगतच्या खराडीने गेल्या दोन दशकांत आपले रूप पालटले. शेतजमिनींच्या जागी माहिती तंत्रज्ञान संकुले आणि बहुमजली सोसायट्या उभ्या राहिल्या. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या मुलांकडे गावाकडील आई-वडीलही राहावयास आले. शहाबादी फरशीची सवय असलेल्या पावलांना फ्लॅटमधील गुळगुळीत टाइल्स आणि ओले न्हाणीघर मात्र धोक्याचे ठरते. पाय घसरतो, माणूस कुशीवर पडतो आणि पुन्हा उठून उभा राहू शकत नाही. रुग्णालयात क्ष-किरण तपासणी झाल्यावर डॉक्टर शस्त्रक्रिया सुचवतात आणि नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न येतो, 'या वयात ऑपरेशन झेपेल का?'

वैद्यकीय अनुभव असा, की बहुतेक ज्येष्ठांना शस्त्रक्रिया झेपते. झेपत नाही ते महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळून राहणे. न्यूमोनिया, पाठीवरील जखमा, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि पायाच्या रक्तवाहिन्यांत होणाऱ्या गुठळ्या ही त्याची परिणती असते. जगभरातील पाहण्यांनुसार खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातील एक किंवा त्याहून अधिक रुग्ण वर्षभरात दगावतात. त्यामुळे रुग्णाला शक्य तितक्या लवकर पायावर उभे करणे, हेच उपचाराचे मुख्य उद्दिष्ट मानले जाते.

हाड नेमके कोठे मोडले?

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोळा असतो आणि तो कमरेच्या हाडातील वाटीत फिरतो. गोळ्याखालील अरुंद भागाला 'मान' म्हणतात. गोळ्याला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्या मुख्यतः या मानेलगत जातात. मान मोडून हाड सरकले, की या वाहिन्या तुटण्याची शक्यता असते. रक्त न मिळाल्याने गोळा निकामी होऊ शकतो आणि हाडही जुळत नाही. मानेच्या खालच्या, उंचवट्यांच्या भागात मात्र रक्तपुरवठा चांगला असतो. तेथील हाड सहसा जुळून येते. प्रश्न असतो तो जुळेपर्यंत ते योग्य जागी धरून ठेवण्याचा. शस्त्रक्रियेची निवड प्रामुख्याने या फरकावर अवलंबून असते.

मान मोडली, पण हाड सरकले नाही

अशा वेळी रुग्णाचा स्वतःचा सांधा वाचविण्याचा प्रयत्न केला जातो. लहान छेद घेऊन सहसा तीन स्क्रू बसविले जातात, किंवा पट्टीला जोडलेला सरकता स्क्रू वापरला जातो. ही शस्त्रक्रिया तुलनेने लहान असते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फेथ' या आंतरराष्ट्रीय चाचणीत एक हजाराहून अधिक रुग्णांवर या दोन पद्धतींची तुलना झाली. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण दोन्ही गटांत २० टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजेच पहिली शस्त्रक्रिया लहान असली, तरी दुसरीची शक्यता नातेवाइकांनी गृहीत धरावयास हवी.

मान मोडली आणि हाड सरकले

येथे वृद्धांमध्ये सहसा मोडलेला गोळा काढून कृत्रिम गोळा बसविला जातो. १९४० मध्ये अमेरिकेत डॉ. ऑस्टिन मूर आणि डॉ. हॅरॉल्ड बोहलमन यांनी मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून तेथे धातूचा भाग बसविला. पुढे मूर यांच्याच नावाने ओळखला जाणारा कृत्रिम गोळा सर्वत्र रूढ झाला. आज दोन पर्याय प्रामुख्याने समोर ठेवले जातात.

पहिला, अर्धा सांधा बदलणे. यात केवळ गोळा बदलतात, वाटी रुग्णाचीच राहते. एकसंध गोळा किंवा आत आणखी एक फिरता गोळा असलेला 'बायपोलर' असे त्याचे प्रकार आहेत. वेळ कमी लागतो आणि सांधा निखळण्याचा धोकाही कमी असतो. मोजके चालणाऱ्या, इतर व्याधी असलेल्या ज्येष्ठांसाठी हा पर्याय सोयीचा ठरतो.

दुसरा, संपूर्ण सांधा बदलणे. यात वाटीही कृत्रिम बसविली जाते. ब्रिटनमधील डॉ. जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा गोळा आणि पॉलिथिलीनची वाटी यांची जोडी वापरात आणली आणि आधुनिक सांधेरोपणाचा पाया घातला. घराबाहेर स्वतंत्रपणे हिंडणाऱ्या, स्मरणशक्ती शाबूत असलेल्या, किंवा आधीच संधिवात असलेल्या रुग्णांसाठी याचा विचार होतो.

यांतील श्रेष्ठ कोणता? २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हेल्थ' या चाचणीत दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण संपूर्ण सांध्याच्या गटात ७.९, तर अर्ध्या सांध्याच्या गटात ८.३ टक्के आढळले. संपूर्ण सांधा बदललेल्यांची हालचाल किंचित सरस होती. मात्र त्यांच्यात सांधा निखळण्याचे प्रमाण अधिक होते. 'महागडे ते उत्तम' हे समीकरण येथे लागू पडत नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

कृत्रिम भाग हाडात बसविताना सिमेंट वापरावे की नाही, हाही प्रश्न असतो. हाडांचे सिमेंट हे बांधकामाचे सिमेंट नव्हे. ते एक प्रकारचे रसायन असते. ठिसूळ हाडांत सिमेंटमुळे पकड चांगली मिळते आणि कृत्रिम भागाभोवतीचे हाड पुन्हा मोडण्याचा धोका घटतो. हृदय किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार असल्यास मात्र सिमेंट भरताना विशेष दक्षता घ्यावी लागते.

मानेखालचे फ्रॅक्चर

या ठिकाणी सांधा बदलण्याची गरज सहसा नसते. तुकडे स्थिर असतील, तर पट्टी आणि सरकता स्क्रू, म्हणजे 'डीएचएस' पुरेसा ठरतो. चालताना हाडाचे तुकडे एकमेकांवर दाबले जातात आणि जुळणीस मदत होते. हाडाचे अनेक तुकडे झाले असल्यास किंवा मोडीची रेषा उलट्या दिशेने गेली असल्यास हाडाच्या पोकळीत सळई घालून तीतून गोळ्यापर्यंत स्क्रू नेला जातो. हीच डॉक्टरांच्या बोलण्यातील 'पीएफएन' होय.

वेळ आणि भूल

शस्त्रक्रिया दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी, असे ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेची मार्गदर्शक सूचना सांगते. रक्तदाब, साखर, क्षार आणि हृदय यांची तपासणी याच अवधीत करावयाची असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असल्यास पहिल्याच भेटीत सांगणे आवश्यक आहे. त्या परस्पर बंद करू नयेत. कंबरेतून भूल की पूर्ण भूल, याबाबतही भीती असते. २०२१ मधील 'रिगेन' चाचणीत १६०० रुग्णांमध्ये साठ दिवसांनंतर मृत्यू किंवा चालता न येणे याचे प्रमाण दोन्ही प्रकारांत जवळपास सारखेच, सुमारे १८ टक्के आढळले. भूलतज्ज्ञ रुग्णाची प्रकृती पाहून निवड करतात.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील, आधीपासूनच अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाबाबत केवळ वेदनाशमनाचा मार्गही विचारात घेतला जातो. तो डॉक्टर आणि कुटुंबीयांनी मिळून घ्यावयाचा निर्णय आहे. 'वय झाले' एवढेच कारण त्यासाठी पुरेसे नाही.

पडल्यावर काय करावे?

पाय आखूड दिसणे, पाऊल बाहेरच्या बाजूस वळणे आणि जांघेत तीव्र वेदना ही खुणेची लक्षणे. अशा वेळी पाय ओढू नये, मालिश करू नये, हाडवैद्याकडे नेऊ नये आणि चालवून पाहू नये. पायाला उशीचा आधार देऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चालू औषधांची यादी आणि जुने अहवाल सोबत घ्यावेत.

खर्चाची चिंता असणाऱ्यांनी केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेची चौकशी करावी. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता या योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण जाहीर झाले आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि नियोजित शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे दाखल होतानाच विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर

प्रकृती ठीक असल्यास दुसऱ्याच दिवशी वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. यात नातेवाइकांनी 'विश्रांती घेऊ द्या' असा आग्रह धरू नये. प्रथिनयुक्त आहार, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व आणि नियमित व्यायाम यांबरोबरच हाडांच्या ठिसूळपणावर औषधोपचार सुरू होणे महत्त्वाचे आहे. २००७ मधील एका मोठ्या चाचणीत खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षातून एकदा दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक आम्लाच्या इंजेक्शनने नव्या फ्रॅक्चरचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटले होते. अनेकदा हाड जोडले जाते. पण ते ठिसूळ का झाले, याची चौकशी राहून जाते.

घरात परतण्यापूर्वी न्हाणीघरात पकडण्यासाठी दांडी, न घसरणारी पायपुसणी, पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रीचा दिवा आणि उंच कमोड यांची सोय करावी. सैल सपाता आणि दारातले पायपुसणे आधी हटवावे. एका खुब्याचे हाड मोडलेल्या व्यक्तीच्या दुसऱ्या खुब्यालाही तोच धोका असतो.