अंड्याचा भाव ठरवतो कोण?

इंदापूर तालुक्यातील भवानीनगर श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. बारामतीलगतच्या या पट्ट्यात ऊस पिकविणाऱ्याला कायद्याचा आधार आहे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार उसाचे पैसे १४ दिवसांत देणे कारखान्यावर बंधनकारक आहे आणि २००९ पासून 'रास्त व किफायतशीर दर' केंद्र सरकार ठरवते. शेतीला जोड म्हणून कोंबड्या पाळणाऱ्याच्या अंड्याला मात्र ना हमीभाव आहे, ना पैसे मिळण्याची मुदत. अंड्यांच्या विक्रीव्यवस्थेत आजवर झालेल्या सुधारणांचे मोल याच कसोटीवर जोखावे लागते.

जाहीर दराची सुरुवात

१९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अंड्यांचा दर मोठ्या शहरांतील व्यापारी ठरवीत. कोंबडी अंडी देण्याचे थांबत नाही आणि शीतगृहाशिवाय अंडी फार काळ ठेवता येत नाहीत. त्यामुळे माल रोखून धरणे उत्पादकाला अशक्य असे. उत्पादनखर्चही निघेना, तेव्हा डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. ही संस्था सरकारी नव्हे, उत्पादकांची आहे. पुण्यासह देशातील प्रमुख केंद्रांचे दर ती रोज शेकड्याच्या हिशेबाने जाहीर करते. रोज अंडी खाण्याचा आग्रह धरणारी तिची दूरदर्शनवरील जाहिरात घरोघरी पोहोचली.

मात्र हा दर मार्गदर्शक असतो. ज्याच्याकडे रोज ट्रकभर अंडी आहेत, तो या दराच्या जवळपास सौदा करू शकतो. लहान उत्पादकाचे गणित वेगळे. समजा, ५०० कोंबड्यांपासून रोज ४०० अंडी, म्हणजे जेमतेम १३ ट्रे मिळाले. व्यापाऱ्याने जाहीर दरापेक्षा अंड्यामागे ३० पैसे कमी दिले, तर महिन्याला ३,६०० रुपये बुडतात. खाद्याचा खर्च मात्र टळत नाही. एका कोंबडीला दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य लागते आणि एकूण खर्चाचा सर्वांत मोठा वाटा मका व सोयापेंडीच्या या खाद्याचाच असतो.

कायदे आले, गेले

केंद्राने २०१७ मध्ये राज्यांना दिलेल्या आदर्श बाजार कायद्याच्या नावातच शेतमालाबरोबर पशुधनाचाही समावेश होता. २०२० च्या कृषी व्यापार कायद्याने कुक्कुटपालनाची उत्पादनेही शेतमालाच्या व्याख्येत घेतली. त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये स्थगिती दिली आणि वर्षअखेरीस तो रद्द झाला. तो टिकला असता, तरी लहान उत्पादकाचा प्रश्न सुटला असता असे नाही. कुठेही विकण्याची मुभा असली, तरी १३ ट्रे घेऊन तो जाणार कोठे?

संकटकाळी हे दुबळेपण अधिक जाणवते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला. नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी सरकारने भरपाई दिली. पण भीतीपोटी मागणी घटून रोगाची झळ न लागलेल्या भागांतही भाव कोसळले.

शाळेची दारे

नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला. अंडे न खाणाऱ्या मुलांना केळे मिळणार होते. गावातल्या शाळेला गावातूनच अंडी पुरवता आली, तर लहान उत्पादकाला वाहतुकीविना ठरावीक गिऱ्हाईक मिळते. परंतु जानेवारी २०२५ मध्ये सरकारने यासाठीचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून अंडी देण्याची मुभा शाळांवर सोपवली. मुलांच्या ताटातले अंडे त्यामुळे अनिश्चित झाले आणि उत्पादकाची हक्काची मागणीही.

दर जाहीर झाल्याने उत्पादकाला बाजार कळला. पण तो दर पदरात पाडून घेण्याचे बळ त्याला मिळाले नाही. अंडी एकत्र गोळा करणे, वजनानुसार प्रतवारी करणे आणि खाद्याची सामुदायिक खरेदी करणे ही कामे एकट्याच्या आवाक्यातील नाहीत. उसासाठी सहकार उभारणाऱ्या भवानीनगरसारख्या परिसराला हे वेगळे सांगायला नको.