पात्र, अपात्र आणि शेजारच्या घराची साक्ष

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ या दोन शब्दांना जेवढे वजन आले, तेवढे क्वचितच कुठे आले असेल. शेतकऱ्याने आत्महत्या केली की जिल्ह्याची समिती कागद तपासते. शेती होती का? बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकले होते का? वसुलीचा तगादा होता का? कागद जुळले तर प्रकरण पात्र. २००६च्या नियमाने अशा कुटुंबाला एक लाख रुपये ठरले. त्यातले ३० हजार हाती, ७० हजार ठेवीत. पण सोयऱ्याकडून उसने आणलेल्या पैशाला कागद नसतो. ते कर्ज कुठे मोजायचे?

मी कवी. कर्ज हा शब्द अरबस्तानातून आपल्या मराठीत आला आणि कापसाच्या शिवारात खोल रुजला, एवढे मला ठाऊक. त्याची मुळे खणून पाहिली ती अभ्यासकांनी.

मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने चौकशी केली आणि मार्च २००५मध्ये अहवाल दिला. वारंवार बुडणारे पीक, वाढता लागवडखर्च आणि कर्ज ही कारणे त्यात आली. पाठोपाठ जानेवारी २००६मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांचा अहवाल राज्य सरकारकडे गेला. महाराष्ट्रात दर लाख पुरुष शेतकऱ्यांमागे १९९५मध्ये १५ आत्महत्या होत, २००४मध्ये ५७ झाल्या, असे त्यांनी दाखवले.

मला मोलाची वाटते ती त्यांची रीत. यवतमाळ, वर्धा आणि वाशीम जिल्ह्यांतल्या १११ शोकग्रस्त घरांत ते गेले. शिवाय जिथे असे काही घडले नाही, अशाही शंभरावर घरांत गेले. दोन्हींची तुलना केली, तेव्हा कर्ज आणि घसरलेली पत यांचे ओझे कुठे किती, हे उमगले. समिती एका मृत्यूचा निवाडा करते; अभ्यासक गावाची साक्ष घेतो.

सरकार हलले. डिसेंबर २००५मध्ये राज्याने १,०७५ कोटींचे, जुलै २००६मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. २००८च्या कर्जमाफीत मात्र पूर्ण माफीला दोन हेक्टरांची मर्यादा आली. कोरडवाहू तीन हेक्टरांचा धनी कागदावर मोठा शेतकरी, घरात मात्र कफल्लक. पावसावरची जमीन आणि पाटाखालची जमीन एकाच पट्टीने मोजली, की असे होते.

२०१७मध्ये आणखी एक घाव बसला. कापसाची झाडे डोक्यावर गेली होती, किडीसाठी औषधांची मिश्रणे फवारली जात होती. जिल्ह्यात विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. तिथे प्रश्न सातबाऱ्याचा नव्हता. पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराच्या नावावर बहुधा शेतच नसते. मग त्याला कोणत्या रकान्यात बसवायचे?

ते दोन्ही अहवाल इंग्रजीत लिहिले गेले. ज्यांच्या ओसरीवर बसून प्रश्न विचारले, त्यांच्यापुढे उत्तरे त्यांच्याच भाषेत यायला हवीत. ग्रामसभेत असा अहवाल मोठ्याने वाचला जावा. ‘हे खरं, हे राह्यलं’ असे म्हणायचा हक्क गावाचा आहे. आणि त्या हक्कासाठी कोणी पात्र-अपात्र नसते.