डोळा कोणाचा, हात कोणाचा?

आज जरा वेगळ्याच विषयावर लिहितो आहे. सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त मास्तराने व्हिडिओ गेमवर लिहावं, याचं आमच्या कामरगावात हसू होईल हे मला ठाऊक आहे. पण गोष्ट खेळाची कमी आणि माझ्या मास्तरकीची जास्त आहे, म्हणून लिहितोच.

२०२० सालची गोष्ट. टाळेबंदीमुळे शाळा बंद होती आणि नातवाचा वर्ग मोबाइलवर भरायचा. तास चालू असताना तो जांभया द्यायचा. तास संपला की त्याच मोबाइलवर पबजी लावायचा आणि असा बुडून जायचा, की जेवायला चार हाका माराव्या लागत. यंत्र तेच, पडदा तोच, पोरगाही तोच! एक दिवस मी रागावलो, "असं आहे तरी काय रे त्यात?" त्याने वाद घातला नाही. मोबाइल सरळ माझ्या हातात दिला.

डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्या अंगठ्याने बघायचं. सांगायला सोपं. माझा गडी मात्र भिंतीला नाक लावून धावत राहिला आणि नजर त्याची आभाळात! "आबाजी, तुमी आभाळाकडे काऊन पाऊन रायले? समोर पाहा नं!" असं तो ओरडेपर्यंत कोणीतरी मागून येऊन आमचा निकाल लावला होता. पाच मिनिटांत मला गरगरायला लागलं. चष्मा काढून बसलो, पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. मी चित्राकडे बघत होतो आणि नातू चित्राच्या आत होता. हा फरक कशाने पडतो?

इतिहास शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे सवयीने मागे जाऊन शोधू लागलो.

आमच्या लहानपणी हा सगळा भाग अकोला जिल्ह्यात होता (वाशीम जिल्हा १९९८ साली झाला). जत्रेत बायस्कोपची पेटी यायची. भोकाला डोळा लावला की जत्रा, धूळ, गोंगाट सगळं नाहीसं व्हायचं आणि आपण थेट ताजमहालासमोर! बुडून जाणं म्हणजे काय, ते मी तिथे पहिल्यांदा अनुभवलं. पण पेटीचा दांडा पेटीवाल्याच्या हातात. ताजमहाल आणखी थोडा वेळ पाहावासा वाटला तरी तो दांडा फिरवायचा आणि पुढचं चित्र यायचं. डोळा माझा, हात त्याचा.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर केली ती कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी. १८९२ साली त्यांनी 'शांबरिक खरोलिका' सुरू केली. नाव शंबरासुराच्या मायेवरून. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडायची, काचा सरकवून त्यांत हालचाल आणायची आणि सोबत निवेदन करायचं. पुढे त्यांच्या मुलांनीही हे खेळ केले. सिनेमा मुंबईत १८९६ साली आला, म्हणजे त्याच्याही चार वर्षं आधीची ही गोष्ट. इथेही सगळी सूत्रं काच सरकवणाऱ्याच्या हाती आणि प्रेक्षक समोर बसलेला.

मग दादासाहेब फाळके. त्यांनी इंग्लंडहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते टिपलं. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये कॅमेरा बहुधा एका जागी उभा असतो. नाटकाला पुढच्या रांगेत बसलेल्या माणसाला जसं दिसेल तसं. कॅमेरा हळूहळू पात्रांच्या जवळ जायला, त्यांच्यासोबत चालायला पुढे शिकला. पण कितीही चालला, तरी नेणारा दिग्दर्शकच. आपण खुर्चीत.

व्हिडिओ गेमने पहिल्यांदा हात प्रेक्षकाला दिला. मात्र सुरुवातीला डोळा दिला नाही. १९८५ चा मारिओ काय किंवा १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया काय, आपण बाजूने बघतो, कळसूत्री बाहुलीचा खेळ बघावा तसं. दोरी आपल्या हातात, पण बाहुली वेगळी आणि आपण वेगळे. १९९३ साली 'डूम' आला आणि कॅमेरा थेट खेळाडूच्या कपाळात जाऊन बसला. पडद्यावर आपला माणूस दिसतच नाही, खाली फक्त हात आणि बंदूक. १९९६ च्या 'सुपर मारिओ ६४'मध्ये मारिओच्या मागे ढगावर बसलेला एक कॅमेरावाला फिरतो आणि तो कुठून बघेल हे खेळणाराही बटणांनी ठरवू शकतो. कॅमेरा हीसुद्धा हाताने चालवायची वस्तू आहे, हे त्या खेळाने उघड सांगितलं.

आता माझ्या गरगरण्याचं कोडं सुटतं. घाटात एसटीतल्या प्रवाशांना गाडी लागते, ड्रायव्हरला सहसा लागत नाही. वळण येण्याआधी त्याच्या हाताला ते ठाऊक असतं. डोळे म्हणतात हललो, कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो बसलोय, या भांडणात प्रवासी हैराण होतो. मोबाइलमध्ये नातू ड्रायव्हर होता, मी प्रवासी. अंगठा फिरवल्याबरोबर नजर फिरली, की मधला अंगठा विसरला जातो. उत्तम लेखणी कागदावर चालताना जाणवत नाही, तसंच. चित्र किती हुबेहूब आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

मग खेळाडूच्या हाती सगळं देऊन टाकावं का? तसंही नाही. १९९६ च्या 'रेसिडेंट इव्हिल' या भयखेळात कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात खिळलेला. कोपऱ्यापलीकडे काय आहे ते पावलं ऐकू येतात पण दिसत नाही, आणि भीती तिथेच असते. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०२० साली 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा खेळ काढला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या भावाला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात. यातही कॅमेरा खेळाडूला फिरवता येत नाही, तो बनवणाऱ्यांनी ठरवून ठेवलेला. त्यामुळे महालांसमोर राजी कधी मुंगीएवढी दिसते आणि ती किती एकटी आहे ते आपोआप कळतं. हात खेळाडूला दिला, डोळा स्वतःकडे ठेवला. नातवाच्या पबजीत उलट गंमत. कॅमेरा गड्याच्या पाठीमागे ठेवला तर भिंतीआड लपूनही पलीकडचं दिसतं. खरा माणूस असं कधी बघू शकेल का? तरी त्याला ते खोटं वाटत नाही, कारण बघणं त्याने स्वतः केलेलं असतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

मी तेहतीस वर्षं इतिहास शिकवला. पन्हाळगडाचा वेढा शिकवताना फळ्यावर नकाशा काढायचो. इथे पन्हाळा, इथे घोडखिंड, इथे विशाळगड. आकाशातून घारीने पाहावं तसा. काठी माझ्या हातात, मुलं बाकावर. जांभई दिली तर त्याच काठीचा धाक! एका वर्षी मात्र काय मनात आलं कोणास ठाऊक, मैदानात फक्कीने वाट आखली, बाजेची पालखी केली, एकाला आत बसवलं आणि पोरांना उचलायला लावली. "मागे सिद्दीचं सैन्य आहे, खांदेकरी बदला, कुठे थांबायचं ते तुम्ही ठरवा," एवढंच सांगितलं. खिंडीत कोणी थांबायचं यावर पोरं खरोखर भांडली. थांबायला तयार झालेल्या पोराचा चेहरा मला आजही आठवतो. पुष्कळ वर्षांनी त्यांच्यातला एक जण कारंजाच्या बसस्टँडवर भेटला. पाया पडून म्हणाला, "सर, थ्या पालखीनं माहा खांदा सुजला होता. १६६० साल काई मी इसरत नाई."

तेहतीस वर्षांत हे एकदाच केलं. अभ्यासक्रम, तपासणी, वेळापत्रक... कारणं होतीच, पण खरं कारण वेगळं. काठी हातातून सोडवत नव्हती. बाकी सगळी वर्षं मी पेटीवाला होतो, दांडा फिरवणारा. पोरांना डोळा लावू दिला, हात लावू दिला नाही. मोबाइलच्या तासाला नातू जांभया देत होता, तेव्हा तो माझ्याच वर्गात बसला होता.

त्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर मीच त्याला म्हणालो, "उद्या पुन्हा शिकव. पण आधी नुसतं चालायला शिकव, मारामारी नंतर."

"आबाजी, चालनं अन् पायनं संगंच शिका लागते," तो म्हणाला.

बरोबर होतं त्याचं.