नाव राहिले, कूळ बदलले

कोकणच्या किनाऱ्यावरील वाळूत मोहरीहूनही बारीक कवचे सापडतात. त्यांपैकी कित्येक एकपेशीय जीवांची असतात. १८२६ साली फ्रेंच पंडित दॉर्बिन्यी यांनी कवचाची ठेवण पाहून या जीवांना माकुलांच्या कुळात बसविले आणि कप्प्यांमधील छिद्रांवरून ‘फोरॅमिनिफेरा’, म्हणजे छिद्रधारी, असे नाव दिले. १८३५ साली द्युजार्दँ यांनी जिवंत प्राणी पाहिले. आत ना हात, ना डोळे. केवळ चिकट जीवद्रव्य! कूळ खोटे ठरले, नाव मात्र टिकले. १८५२ साली कंपनी सरकारच्या नोकरीतील मुंबईचे शल्यवैद्य कार्टर यांनी ‘ऑपरक्युलिना अरेबिका’च्या कवचाची अंतर्रचना वर्णिली. वरच्या कवचावरून कूळ ठरवू नये, हे शाहू महाराजांच्या कोल्हापुरात आम्ही वेगळे काय सांगावे?