पत्रा, लांबी आणि ड्युको : एका अलिखित विद्येविषयी

'ड्युको' हा शब्द आपल्याकडच्या सुताराला, रंगाऱ्याला आणि गॅरेजवाल्याला सारखाच परिचित आहे. कपाटाला ड्युको मारतात, तसाच मोटारीच्या मडगार्डलाही मारतात. हे एका अमेरिकी कंपनीच्या रंगाचे व्यापारी नाव होते, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात नसते. ड्युपाँ कंपनीने बनवलेला हा नायट्रोसेल्युलोजचा रंग १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर प्रथम चढला. त्याआधी मोटार रंगवण्याची रीत घोडागाडीच्या रंगाऱ्यांकडून आलेली होती. व्हार्निशचे हात एकावर एक द्यायचे, प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचे आणि मग घासायचे. यात आठवडे जात. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी गाडी केवळ काळ्या रंगात विकली, त्यामागे रंग लवकर वाळवण्याची निकड हे एक कारण सांगितले जाते. ड्युको तासांत वाळू लागला आणि ब्रशाची जागा हवेच्या दाबावर चालणाऱ्या गनने घेतली.

१९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. त्या गाड्या आदळणार, चेपणार आणि पुन्हा रंगवाव्या लागणार हे ओघानेच आले. हे काम करणारे हात कोठे तयार झाले, त्यांना कोणी शिकवले आणि कोणत्या भाषेत, हा आमच्या कुतूहलाचा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे का वळावे, असे कोणी विचारील. आमच्या मते भाषेच्या इतिहासाचा बराच मोठा भाग अशाच ठिकाणी पडून आहे.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात लोहार-सुतारादी बलुतेदारांचे जे जग दिसते, त्यात विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. तिला शाळा नव्हती, आणि जातीबाहेर जाण्याची वाटही नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही विद्या शाळेत आणण्याचे प्रयत्न झाले. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन उभे केले. गज्जरांचा आग्रह असा, की तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून द्यावे आणि त्यासाठी पुस्तके व परिभाषा घडवावी. हा आग्रह पुढे टिकला असता तर आज मराठीत यंत्रविद्येचे गद्य कसे दिसले असते, याची कल्पना करावीशी वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या त्याच संस्थेत शिक्षक होते. १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि १९२० मध्ये त्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ज्या मासिकाला मानाचे पान मिळते त्याचा जन्म नांगराच्या कारखान्यात झाला, हे वर्गात शिकवताना आपण एका वाक्यात उरकतो.

मोटारदुरुस्तीचे सरकारी शिक्षण मात्र युद्धाने आणले. दुसऱ्या महायुद्धात तंत्रज्ञ हवे होते, म्हणून प्रशिक्षण केंद्रे निघाली. १९४१ पासून बेव्हिन योजनेखाली भारतीय कामगार शिकण्यासाठी इंग्लंडलाही पाठवले गेले. युद्ध संपल्यावर याच व्यवस्थेचा उपयोग सैन्यातून सुटलेल्यांसाठी आणि फाळणीनंतर निर्वासितांसाठी झाला. १९५० मध्ये भारत सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना आली, १९५६ मध्ये संस्थांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. ज्याला आपण आयटीआय म्हणतो ती संस्था अशी घडली.

महाराष्ट्रात या संस्थांतल्या व्यवसायांना मराठी नावे मिळाली. फिटर झाला जोडारी, टर्नर कातारी, वेल्डर संधाता, वायरमन तारतंत्री, इलेक्ट्रिशियन वीजतंत्री आणि शीट मेटल वर्कर पत्रे कारागीर. ही नावे हास्यास्पद आहेत असे मानणाऱ्यांत आम्ही नाही. 'कातारी' तर जुनाच शब्द, लाकूड कातणाऱ्याचा. 'जोडारी'ही मराठीच्या प्रकृतीला धरून आहे. 'संधाता' थोडा सोवळ्यातला वाटतो, हे खरे. पण प्रवेशाच्या यादीत आणि प्रमाणपत्रावर ही नावे राहिली आणि कारखान्याच्या फाटकातून आत जाताच ती गळून पडली. आणि ज्या कामासाठी रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजबाहेर गाड्यांची रांग लागते, त्या डेंटिंगला या जुन्या नावांत स्वतःचे नाव नव्हतेच. 'यांत्रिक मोटारगाडी' शिकणाऱ्याला इंजिन, गिअर, ब्रेक शिकवले जात. पत्रा पत्रे कारागिराकडे होता, रंग रंगाऱ्याकडे होता. चेपलेल्या गाडीला मात्र दोन्ही एकाच वेळी लागतात. गाडीचे अंग दुरुस्त करणे आणि ते रंगवणे हे वेगळे अभ्यासक्रम म्हणून राष्ट्रीय योजनेत आले ते पुष्कळ नंतर.

तोवर ही विद्या उस्तादाच्या हाताखाली वाढली. कुर्ल्याला किंवा पुण्याच्या नाना पेठेत, जेथे सुटे भाग विकले जातात त्या गल्ल्यांच्या आजूबाजूला, पोरगा आधी झाडू मारी, मग पाना उचलून देई, मग घासकाम करी. हातोडी हाती यायला वर्षे लागत. या बोलीत मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी यांच्या सीमा नाहीत. उस्ताद, हेल्पर, लांबी, डॉली, पुट्टी, रबिंग हे शब्द एकाच वाक्यात सुखाने नांदतात.

ही विद्या काय असते ते थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण तिला 'ठोकपीट' म्हणून हिणवण्याची सवय आपल्याला आहे. अपघातात पत्रा एका क्रमाने चेपतो. कुशल डेंटर तो क्रम उलटा वाचतो. जो चेप शेवटी पडला तो आधी काढायचा, आणि जेथे पहिला घाव बसला तेथे शेवटी जायचे. पत्र्याच्या मागे डॉली म्हणजे लोखंडी ठोकळा धरायचा आणि पुढून हातोडी मारायची. ठोकळा घावाच्या थेट मागे असला तर पत्रा पातळ होऊन पसरतो, किंचित बाजूला धरला तर उंचवटा बसतो आणि खळगा वर येतो. पत्रा फार पसरला, तर दाबल्यावर तो डब्याच्या झाकणासारखा टक्कन आत-बाहेर होतो. मग त्या जागी गॅसच्या ज्योतीने ठिपक्याएवढी ऊब देऊन, ओल्या फडक्याने थंड करून तो आकसून घ्यावा लागतो. गोरोबाकाका थापटण्याने कच्चे-पक्के मडके ओळखत, ही कथा आपण संतवाङ्मय शिकवताना सांगतो. पत्र्याचा आवाज ऐकणारा डेंटर त्याच परंपरेतला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

रंगाऱ्याचे काम याहून नाजूक. लांबी एकदम जाड भरली तर तडकते, म्हणून ती पातळ हातांनी भरायची. घासल्यावर डोळा फसतो, तळहात फसत नाही, म्हणून सपाटी हाताने पाहायची. काही रंगारी हाताखाली फडके धरतात, त्याने उंचसखल अधिक कळते. प्रायमरवर काळ्या रंगाचा हलका शिडकावा करून पुन्हा घासले की खळग्यांत काळे उरते, आणि चूक आपण होऊन दिसते. रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात, कारण ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात उघडा पडतो. मुंबईच्या पावसाळ्यात ड्युको मारणे म्हणजे परीक्षाच. हवेतला ओलावा रंगावर बसतो आणि रंग पांढुरका पडतो. यातले काही पुस्तकात असते, पण दमट दिवशी थिनर किती आणि कोणते घालायचे हे उस्ताद बोटांनी ठरवतो.

१९६४ पासून कुर्ल्याला तयार होऊ लागलेली फियाट ११०० डी, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, ही या विद्येची खरी शाळा ठरली. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे जुनी टाकून देणे परवडत नसे. गंजलेला पत्रा कापायचा, नवा हाताने घडवून जोडायचा, असे त्याच गाडीवर वारंवार होई. त्या टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर हळवे लेख लिहिले. ज्यांनी ती ठोकून-ठाकून रस्त्यावर ठेवली त्यांच्याविषयी त्यांत क्वचितच काही आले.

या उस्तादी परंपरेचे आम्हाला गोडवे गायचे नाहीत. तीत मार होता, कोवळे वय होते, मास्कशिवाय फवारलेला रंग होता. पुढे आलेल्या दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगांतील आयसोसायनेटमुळे दमा जडतो, हे आता पुरेसे सिद्ध आहे. बालकामगारांविषयीच्या १९८६ च्या कायद्याखाली मोटार गॅरेजेस पुढे बंदी असलेल्या ठिकाणांत घातली गेली आणि २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामाला ठेवणे बंद केले, हे योग्यच झाले. पण दहाव्या वर्षी सुरू होणारी शिकवणी बंद झाल्यावर तिची जागा घेणारी शाळा तितक्या तयारीची होती का, हा प्रश्न उरतो. रस्त्यावरच्या मुलाला विद्या मिळत होती, कागद नव्हता. वर्गातल्या मुलाला कागद मिळतो, पण ठोकायला चेपलेली गाडी क्वचितच मिळते. २०१५ पासून कौशल्य विकास योजनेत आधीच्या शिक्षणाला मान्यता देण्याची सोय झाली, म्हणजे जुन्या कारागिराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र द्यायचे. कल्पना उत्तम आहे. मात्र वीस वर्षे पत्रा ऐकलेल्या माणसाची परीक्षा कोण घेणार, आणि कोणत्या शब्दांत, याचा विचार परिभाषा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

गाडीही बदलली आहे. आजच्या अतिकठीण पोलादी भागांना ज्योत दाखवली की त्यांचे बळ जाते, म्हणून ते ठोकायचे नसतात, बदलायचे असतात. विमा कंपन्यांनाही बदलणे सोयीचे वाटते. रंगाचा कोड यंत्रात घातला की मिश्रण तयार होते. तरी दहा वर्षे उन्हात उभी राहिलेली गाडी त्या कोडाच्या रंगाची उरलेली नसते, आणि तेथे अजून कोणीतरी एक थेंब पिवळा, दोन थेंब काळा घालत दारात उजेडाकडे धरून पाहतो. हे थेंब मोजण्याचे शब्द त्याच्यापाशी आहेत. ते टिपून घ्यायला भाषा विभागाचे विद्यार्थी एक शनिवार गॅरेजात जाऊन बसले, तर त्यांच्या प्रबंधाला विषयांचा तुटवडा पडणार नाही. वही मात्र जुनी न्यावी, तिला थिनरचा वास लागतो.