गुण औषधाचा कीं काळाचा ?

आजारी माणूस बरा झाला म्हणजे वैद्य म्हणतो, औषधानें गुण आला. घरांतील वडील मंडळी म्हणतात, नवस पावला. आणि एखादा संशयी शेजारी म्हणतो, दुखणें मुदतीचें होतें, मुदत संपली, उतरलें. तिघांपैकीं खरें कोणाचें ? मुलांच्या वर्तनाविषयीं तर हा प्रश्न अधिकच बिकट आहे. हट्टी मूल शांत झालें, अबोल मूल बोलूं लागलें, म्हणजे शिक्षक त्याचें श्रेय आपल्या युक्तीस देतो. परंतु मुलें वाढतात, ऋतु पालटतात, घरची परिस्थिति बदलते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडली नसेल कशावरून ? या शंकेचें उत्तर शोधण्याचा एक निराळा मार्ग विसाव्या शतकांत अमेरिकेंत आंखला गेला. त्या शास्त्रास उपयोजित वर्तन-विश्लेषण असें म्हणतात.

त्यापूर्वीं एक मार्ग रूढ होऊं लागला होता. रोनाल्ड फिशर या इंग्रज पंडिताचा ‘डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्स’ हा ग्रंथ १९३५ सालीं निघाला. शेताचे वाफे पाडावे, कोणत्या वाफ्यास कोणतें खत मिळावें हें जणूं चिठ्ठ्या टाकून ठरवावें आणि मग पिकांची तुलना करावी, अशी त्याची रीत. शेतकीस ती फार फलदायी ठरली. पुढें औषधांच्या परीक्षेंतही तिनें मानाचें स्थान मिळविलें. पण शिक्षकापुढें वाफे नसतात, एक मूल असतें. शंभर मुलांची सरासरी सुधारली, एवढ्यावरून त्या एका मुलाचें काय झालें हें कळत नाहीं. कांहीं सुधारलीं असतील, कांहीं बिघडलींही असतील.

दुसरा मार्ग बी. एफ. स्किनर याचा. १९३८ सालच्या ‘बिहेवियर ऑफ ऑर्गॅनिझम्स’ या ग्रंथांत त्यानें उंदरांवरील प्रयोग मांडले. पुष्कळ प्राण्यांकडे थोडा वेळ पाहण्यापेक्षां थोड्या प्राण्यांकडे पुष्कळ वेळ पाहावें, आणि प्रत्येकाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या वर्तनाशीं करावी, असा त्याचा कटाक्ष. मरे सिडमन यानें १९६० सालीं ‘टॅक्टिक्स ऑफ सायंटिफिक रिसर्च’ या ग्रंथांत या पद्धतीचें सविस्तर विवेचन केलें. प्रश्न उरला तो हा कीं, प्रयोगशाळेंतील ही रीत मुलांच्या शाळेंत चालेल काय ?

त्याचें एक उत्तर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बालशाळेंतून आलें. आयलीन अॅलन, बेटी हार्ट, जोन ब्यूएल, फ्लॉरेन्स हॅरिस आणि माँट्रोज वुल्फ या पांच जणांनीं तें १९६४ सालीं प्रसिद्ध केलें. सव्वाचार वर्षांची एक हुशार मुलगी सोबत्यांत मिसळत नसे. ती शिक्षिकांभोंवतीं घोटाळे, न दिसणारीं खरचटणीं दाखवून कुरकुर करी, आणि इतक्या हळू बोले कीं ऐकणाऱ्यानें वाकून कान द्यावा. शिक्षिका दयाळू होत्या. त्या कान देत. ती एकटी राही म्हणून त्या तिच्याजवळ जात, आणि त्या जवळ येत म्हणून ती एकटी राहत असेल काय, असा संशय आला.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून पहिले पांच दिवस कांहींही न बदलतां केवळ नोंद केली. दर दहा सेकंदांस निरीक्षक टिपून घेत : मुलगी कोणाशीं आहे ? मुलांशीं तिचा वेळ शेंकडा दहाच्या किंचित् वर जाई, मोठ्यांशीं सुमारें चाळीस. सहाव्या दिवसापासून शिक्षिकांनीं आपला क्रम बदलला. ती मुलांजवळ असेल तेव्हांच तिच्याकडे लक्ष द्यावयाचें. आरंभीं तर ती नुसती जवळ उभी राहिली तरी पुरे. मुलांशीं तिचा वेळ शेंकडा साठांच्या घरांत गेला.

सामान्य शिक्षक येथें आनंदानें वही मिटील. या शिक्षिकांनीं मात्र बाराव्या दिवसापासून पांच दिवस मुद्दाम जुना क्रम परत आणला : ती एकटी किंवा मोठ्यांपाशीं असली म्हणजे लक्ष, मुलांत असली म्हणजे दुर्लक्ष. मुलांशीं तिचा वेळ शेंकडा विसांच्याही खालीं उतरला. सतराव्या दिवशीं नवा क्रम पुन्हा सुरू झाला आणि मुलगी पुन्हा मुलांत गेली. फांदी एकदां मोडली तर कावळ्यास दोष देतां येत नाहीं. पण कावळा बसतांच ती वांके आणि उडतांच सरळ होई, असें वारंवार दिसलें म्हणजे संबंध मानावा लागतो. पुढें हें लक्ष हळूहळू कमी केलें, तरी नंतरच्या तपासणींत मुलगी मुलांत रमलेलीच आढळली.

तथापि या पद्धतीच्या पोटांत एक कांटा आहे. हातीं आलेलें सुख पुराव्यासाठीं मुलाकडून काढून घ्यावें काय ? पांच दिवसांचा एकटेपणा एक वेळ सोसवेल. परंतु जें मूल स्वतःचें डोकें भिंतीवर आपटीत असे, तें थांबल्यावर पुन्हा आपटूं द्यावें, असें कोण म्हणेल? शिवाय वाचावयास शिकलेलें मूल उपाय थांबविल्यानें निरक्षर होत नाहीं. १९६८ सालीं ‘जर्नल ऑफ अॅप्लाइड बिहेवियर अॅनॅलिसिस’ हें नियतकालिक निघालें. त्याच्या पहिल्याच अंकांत डोनाल्ड बेअर, वुल्फ आणि टॉड रिस्ले यांनीं या शास्त्राचीं लक्षणें सांगितलीं आणि अशा प्रसंगीं चालणारी दुसरी योजनाही मांडली. एकाच मुलाच्या तीन संवयींची नोंद एकाच वेळीं सुरू करावी. उपाय प्रथम पहिलीस, कांहीं दिवसांनीं दुसरीस, मग तिसरीस लावावा. ज्या संवयीची पाळी येते तीच बदलली आणि बाकीच्या जागच्या जागीं राहिल्या, तर गुण काळाचा नव्हे, उपायाचा. येथें मिळविलेलें कांहीं परत द्यावें लागत नाहीं.

एका मुलावर सिद्ध झालेला उपाय सर्वांस लागू पडेल, असें मात्र यांतून निघत नाहीं. त्यासाठीं तो निरनिराळ्या मुलांवर आणि निरनिराळ्या ठिकाणीं पुनः पुनः पाहावा लागतो. या इतिहासांतील खरा धडा यंत्राचा किंवा आंकड्यांचा नाहीं. मुलगी खेळूं लागल्यावरही त्या शिक्षिकांनीं स्वतःस विचारलें, “हें आमच्यामुळें झालें कशावरून ?” अपयश आल्यावर तपास सगळेच करतात; यश आल्यावर जो करतो, त्याच्याच उपायावर दुसऱ्याच्या मुलाचा भार टाकतां येतो.